अडचणीच्या उजेडात अनोळखी चेहरे : रस्त्यावरच्या कॅन्डिड पोर्ट्रेटमागचं गणित

रस्त्यावर कॅन्डिड पोर्ट्रेट, म्हणजे समोरच्याच्या नकळत टिपलेला चेहरा, काढताना दोन गोष्टी आपल्या हातात नसतात : माणूस आणि उजेड. स्टुडिओत समोरच्याला हनुवटी जरा वर करायला सांगता येतं, दिवा फूटभर सरकवता येतो. रस्त्यावर समोरच्याला फोटो निघतोय हेच माहीत नसतं आणि सूर्य काही आपलं ऐकत नाही. पण या दोघांत एक महत्त्वाचा फरक आहे. माणूस येतो आणि चार पावलांत दिसेनासा होतो. उजेड मात्र तो यायच्या आधीपासून तिथे असतो आणि तो गेल्यावरही राहतो. म्हणजे अर्धा प्रश्न आधीच, निवांतपणे सोडवून ठेवता येतो. फसलेले फोटो नीट पाहिले तर बोट चालायला उशीर झाला असं फार क्वचित दिसतं. चेहरा समोर आल्यावर उजेडाचा विचार सुरू झालेला असतो आणि तोवर वेळ निघून गेलेली असते.

म्हणून आधी उजेडाकडे आणि कॅमेरा तो कसा मोजतो याकडे बघू.

कॅमेऱ्याचा मीटर काय धरून चालतो

कॅमेऱ्यातला मीटर समोरून परत येणारा उजेड मोजतो. समोर काय आहे हे त्याला मुळात ठाऊक नसतं. त्यामुळे तो एक अंदाज धरून चालतो : समोरच्या दृश्याची सरासरी काढली तर ती मध्यम करडी येणार, म्हणजे पडलेल्या उजेडाच्या साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारी. बऱ्याचदा हा अंदाज बरोबर ठरतो. पण पांढऱ्या भिंतीपुढे कोणी उभं असेल तर मीटर भिंतीलाही करडी करायला बघतो आणि चेहरा काळवंडतो. काळ्या दारापुढे तोच माणूस उभा राहिला तर दार करडं होतं आणि चेहरा जळून पांढरा पडतो. माणूस तोच, त्याच्यावर पडलेला उजेडही तोच, तरी दोन फोटोंत दोन वेगळे चेहरे.

उजेडातला फरक फोटोग्राफर 'स्टॉप'मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा उजेड. दोन स्टॉप म्हणजे चौपट, तीन म्हणजे आठपट, चार म्हणजे सोळापट. भर उन्हातला रस्ता आणि त्याच्या कडेची सावली यांत सहज तीन ते चार स्टॉपचा फरक असतो. डोळ्यांना तो जाणवत नाही, कारण बाहुली लहानमोठी होते आणि मेंदू बाकीची जुळवाजुळव करून टाकतो. आपल्याला सावलीतला चेहराही स्वच्छ दिसतो आणि उन्हातली भिंतही. कॅमेऱ्याला मात्र एका क्लिकपुरतं एकच एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, ठरवावं लागतं.

सगळी चौकट बघून सरासरी काढणारं मीटरिंग अशा वेळी मधला मार्ग काढतं, आणि या मधल्या मार्गात दोन्ही बाजूंचं नुकसान होतं. स्पॉट मीटरिंग चौकटीतला अगदी छोटा भाग मोजतं, त्यामुळे ते चेहऱ्यावर नेमकं धरता आलं तर उत्तम. पण चालत्या माणसाच्या चेहऱ्यावर तो ठिपका धरून ठेवणं फार अवघड. ठिपका गालावरून शर्टाच्या कॉलरवर घसरला की एक्स्पोजर दोन स्टॉपने उडी मारतं. नवे कॅमेरे चेहरा ओळखून त्याला झुकतं माप देतात आणि याचा खरंच उपयोग होतो. तरी माणूस बाजूला वळला, टोपी कपाळावर ओढलेली असली किंवा उजेड फार कमी असला, की तेही गोंधळतात. अडचणीच्या उजेडात नेमकी हीच परिस्थिती असते.

यावर एक जुना आणि अजूनही उपयोगी पडणारा उपाय आहे : स्वतःचा तळहात. फोटो जिथे काढायचा आहे तिथे जसा उजेड पडतोय तसाच आपल्या तळहातावर पडेल असा हात धरायचा, त्यावर मीटर लावायचा आणि मीटर सांगेल त्याहून एक स्टॉप जास्त एक्स्पोजर ठेवायचं. कोणाचाही तळहात मध्यम करड्यापेक्षा उजळच असतो, आणि चेहऱ्याच्या रंगात जेवढा फरक असतो तेवढा तळहातांत नसतो, म्हणून ही युक्ती चालते. हे आकडे मॅन्युअल मोडमध्ये (जिथे सगळे आकडे आपणच ठरवतो) पक्के करून ठेवले की मागची भिंत पांढरी असो वा काळी, माणसाच्या कपड्यांचा रंग कोणताही असो, चेहरा बरोबर येतो.

त्वचेच्या रंगाचा विषय इथे जरा थांबून बोलण्यासारखा आहे. चौकटभर गोरा चेहरा असेल तर मीटर त्याला करड्याकडे खाली ओढतो आणि चौकटभर सावळा किंवा काळा चेहरा असेल तर वर उचलतो. दोन्ही खोटं. गोरी त्वचा मध्यम करड्यापेक्षा साधारण स्टॉपभर उजळ असते, गडद त्वचा त्याच्या आसपास किंवा त्याखाली. फिल्मच्या काळात रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांत गोऱ्या स्त्रीचा फोटो असलेलं 'शर्ली कार्ड' प्रमाण म्हणून वापरलं जायचं आणि गडद त्वचेचे बारकावे त्यात हरवायचे. डिजिटलमध्ये ती सबब उरलेली नाही. गडद चेहरा त्याच्या मूळ छटेत ठेवावा. त्यावर पडलेला उजेड कपाळावर, गालाच्या हाडावर, नाकाच्या शेंड्यावर चमकत असतो आणि चेहऱ्याला आकार त्या चमकेनेच येतो. ती जळू द्यायची नाही, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

काय गमवायचं ते आधी ठरवा

डिजिटल सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चकतीच्या, स्वभावात एक असमानता आहे आणि ती समजली की पुढचे निर्णय सोपे होतात. सेन्सरवर लाखो छोटे खळगे असतात आणि प्रत्येक खळगा त्याच्यावर पडलेला उजेड साठवतो. खळगा पूर्ण भरला की त्यानंतर आलेला उजेड वाया जातो. त्या जागी फक्त पांढरं उरतं, आणि कोणतंही सॉफ्टवेअर तिथला तपशील परत आणू शकत नाही. अंधाऱ्या भागाचं तसं नाही. तिथे थोडी का होईना माहिती असते आणि ती नंतर उजळवता येते. किंमत एवढीच की त्यात दाणे दिसायला लागतात, ज्याला आपण नॉइज म्हणतो.

हा नॉइज येतो कुठून? बरेच जण आयएसओला, म्हणजे आलेला उजेड किती मोठा करून दाखवायचा त्या आकड्याला, दोष देतात. मुख्य कारण उजेड कमी असणं हे आहे. उजेड कणाकणाने येतो आणि या कणांच्या संख्येत नैसर्गिक चढउतार असतो, साधारण त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा. एका खळग्यात १०,००० कण आले तर चढउतार १०० चा, म्हणजे १ टक्का, डोळ्यांना दिसणारही नाही. १०० च कण आले तर चढउतार १० चा, म्हणजे १० टक्के, आणि गालावर वाळू सांडल्यासारखं दिसतं. आयएसओ वाढवल्याने उजेड वाढत नाही, आलेला उजेड फक्त मोठा करून दाखवला जातो. म्हणून शटर (उजेड किती वेळ आत येतो) आणि ॲपर्चर (भिंगाचं छिद्र किती उघडं) तेच ठेवून आयएसओ कमी केला आणि घरी संगणकावर फोटो उजळवला, तर नॉइज कमी होत नाही. काही सेन्सरवर उलट वाढतो. आयएसओ ६४०० ला घाबरून १/३० सेकंदाचं शटर ठेवणारे लोक दाणे टाळतात आणि हललेला चेहरा घरी आणतात. दाणेदार फोटो लोक मान्य करतात, हललेले डोळे नाही.

यातून निर्णयाची चौकट तयार होते. चेहरा उजेडात असेल तर चेहऱ्याचा उजेड सांभाळायचा, मागचं काळं झालं तरी हरकत नाही. चेहरा सावलीत आणि मागे आभाळ असेल तर दोनच प्रामाणिक मार्ग आहेत : चेहऱ्यासाठी एक्स्पोजर वाढवून आभाळ पांढरं होऊ द्यायचं, किंवा आभाळ सांभाळून माणसाची नुसती आकृती घ्यायची. आभाळही निळं हवं आणि चेहराही स्वच्छ हवा या हट्टापायी जे निघतं ते करडं आणि निर्जीव असतं. यांतलं काय निवडायचं हे रस्त्यावर उभं राहतानाच ठरवून टाकावं.

रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरची माहिती जशीच्या तशी, फोटो साठवला तर चुकीला जरा जास्त जागा मिळते. जेपीईजीत (कॅमेऱ्याने तयार करून दिलेल्या नेहमीच्या फाइलमध्ये) प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. सावलीतला चेहरा दोन स्टॉपने उजळवताना हा फरक लगेच दिसतो : जेपीईजीत गालावर पट्टे पडतात, रॉमध्ये छटा सलग राहतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम (चौकटीत उजळ-गडद भाग किती ते दाखवणारा आलेख) मात्र बहुतेक कॅमेऱ्यांत जेपीईजीवरून काढलेला असतो, म्हणून तो हायलाइट, म्हणजे सर्वांत उजळ भाग, जळल्याची ओरड थोडी आधीच करतो. शिवाय तो सगळ्या चौकटीचा हिशोब सांगतो. चेहऱ्याने चौकटीचा विसावा भाग व्यापला असेल तर त्या आलेखात चेहऱ्याचं काय झालं ते कळणारच नाही. चेहरा मोठा करून बघणं हाच खरा तपास.

चार प्रकारचे अडचणीचे उजेड

दुपारचं ऊन सगळ्यांत बदनाम आहे. सूर्य डोक्यावर असला की भुवयांच्या खाली डोळ्यांच्या जागी काळे खड्डे, नाकाखाली काळी रेघ. लोक म्हणतात दुपारी कॅमेरा बाहेर काढू नये. मला हे पटत नाही. दुपारी ऊन कडक असतं त्याचबरोबर ते सगळीकडून परतही फेकलं जात असतं. फिकट रंगाचा रस्ता, उन्हातली भिंत, समोरची काचेची इमारत, हे सगळे मोठमोठे दिवेच. माणूस सावलीत, पण सावलीच्या कडेपासून दोनेक पावलं आत, आणि तोंड उन्हाकडे, अशी जागा सापडली तर चेहऱ्यावर समोरून आणि खालून मऊ उजेड येतो. डोळ्यांत चमकेचा ठिपका दिसतो. सावलीत जसजसं आत जावं तसा हा परावर्तित उजेड कमी होत जातो, म्हणून कडेजवळची पट्टीच कामाची. इमारतींच्या कमानी, बस थांब्यांची छपरं, बोगद्यांची तोंडं ही सगळी अशीच ठिकाणं आहेत. आतून बाहेर येणारा माणूस त्या पट्टीतून एक-दोन सेकंद जातो आणि त्याच वेळी उजेडाला सरावायला डोळे किंचित बारीक करतो. झाडाखालची ठिपक्याठिपक्यांची सावली मात्र टाळावी. कपाळावर एक जळलेला ठिपका आणि गालावर हिरवी झाक, यातून चेहरा वाचवणं अशक्यप्राय.

दुसरा प्रकार उलटा : सगळीकडे सावली आणि मधे उन्हाचा एक तुकडा. दोन इमारतींच्या फटीतून रस्त्यावर पडलेली तिरीप हा त्याचा नेहमीचा नमुना. इथे काम सर्वांत सोपं आहे आणि गंमत म्हणजे ऑटोवर ठेवलेला कॅमेरा इथेच सर्वांत वाईट वागतो, कारण चौकटीचा बहुतेक भाग अंधारा असल्याने तो एक्स्पोजर वाढवत नेतो आणि उन्हातला चेहरा पांढरा फटक करतो. थेट उन्हाचं एक्स्पोजर जगात कुठेही जवळपास सारखंच असतं. निरभ्र आकाशातल्या उन्हासाठी जुना नियम आहे : ॲपर्चर एफ/१६ (एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं) आणि शटर १ भागिले आयएसओचा आकडा, एवढे सेकंद. म्हणजे आयएसओ २०० असेल तर एफ/१६ ला १/२००, किंवा तेच गणित एफ/८ ला १/८००. हे आकडे लावून टाकायचे, तिरिपेच्या कडेला उभं राहायचं आणि कोणाचा तरी चेहरा तीत शिरायची वाट बघायची. मागची सावली आपोआप काळोखी होते आणि चेहरा त्यातून उठून येतो. मॅन्युअल मोडची धास्ती वाटणाऱ्यांनी सुरुवात इथून करावी.

पाठीमागून येणाऱ्या उजेडात, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सूर्य माणसाच्या मागे असताना, केसांभोवती सोनेरी कड येते आणि चेहरा सावलीत जातो. ऑटो मोडवर असाल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटर सांगेल त्याहून एक्स्पोजर कमीजास्त करण्याची सोय) +१ ते +२ स्टॉप लागतं. कड जळते, जळू द्यावी. दुसरी अडचण लेन्सची असते. सूर्य थेट भिंगात शिरला की सगळ्या फोटोवर पांढुरकी धूसरता पसरते आणि ऑटोफोकसही चाचपडतो. लेन्सचं हूड (भिंगावर सावली धरणारी पुढची कड) लावावं, नाहीतर एक पाऊल सरकून सूर्य माणसाच्या डोक्याआड किंवा खांबाआड घ्यावा. भिंगावर बोटाचा ठसा असेल तर तो अशाच वेळी दिसतो.

आणि रात्र. रात्री उजेड कमी असतो ही तक्रार अर्धीच खरी आहे. उजेड पुष्कळ असतो, फक्त फार थोड्या जागेत असतो. छोट्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो : दिव्यापासून १ मीटरवर जेवढा असतो त्याच्या चौथा हिस्सा २ मीटरवर, आणि नववा हिस्सा ३ मीटरवर. म्हणजे माणूस दिव्याकडे दोन पावलं सरकला तर आपल्याला दोन-तीन स्टॉप फुकट मिळतात. आयएसओ चाळवत बसण्यापेक्षा माणसं दिव्याजवळ कुठे येतात ते शोधणं जास्त फायद्याचं. दुकानाची मोठी उजळलेली काच त्याहून चांगली, कारण एवढ्या मोठ्या उजेडाच्या स्रोतापासून पडणारी सावली मऊ असते आणि जवळपास तरी उजेडही इतक्या झपाट्याने घटत नाही. रस्त्यावरचे खांब उंच असतात, त्यांच्या अगदी खाली उभ्या माणसाच्या डोळ्यांत पुन्हा दुपारचेच खड्डे पडतात. खांबापासून थोडं दूर, त्याकडे तोंड करून चालणारा माणूस शोधावा. हातातल्या मोबाइलचा पडदा चेहरा खालून उजळतो. हे चित्र आता इतकं दिसतं की त्याचा कंटाळा यायला लागलाय, पण पाऊस पडत असताना, छत्रीखाली, तो उजेड अजूनही बघण्यासारखा असतो. ओल्या रस्त्याचा आणखी एक फायदा : दिवे खालूनही उजेड देतात.

रात्रीसाठी सुरुवातीचे आकडे हवे असतील तर एफ/२, १/१२५ आणि आयएसओ १६०० ते ६४००. काचेजवळ खालचा आयएसओ, गल्लीत वरचा. चौकटीत उघडे दिवे दिसत असतील तर ते जळणारच. त्यांना वाचवायला चेहरा अंधारात टाकू नये.

हलणं आणि फोकस

साधा चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर जातो. शटर १/६० असेल तर तेवढ्या वेळात तो २.३ सेंटिमीटर पुढे सरकतो. माणसाच्या डोळ्याची फट साधारण ३ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे जवळजवळ एक डोळाभर अंतर. १/२५० ला हेच अंतर साडेपाच मिलिमीटरच्या आसपास येतं. आडवा जाणारा माणूस सर्वांत जास्त हललेला दिसतो, आपल्याकडे चालत येणारा सर्वांत कमी. म्हणून उजेड अगदीच कमी असेल तर आडव्या चालणाऱ्याला सोडून समोरून येणाऱ्याकडे लक्ष द्यावं. उभ्या, बोलत असलेल्या माणसाला १/१२५ पुरतं. लेन्समधलं किंवा सेन्सरचं स्टॅबिलायझेशन आपला हात हलला तर सावरतं. समोरचा माणूस हलला तर ते काही करू शकत नाही, आणि जाहिरातींत हे कोणी सांगत नाही.

शटर निदान १/२५० राहील आणि आयएसओ कॅमेरा ठरवेल अशी सोय बहुतेक कॅमेऱ्यांत आहे : ऑटो आयएसओ, त्यात किमान शटर स्पीड. ऊन-सावलीतून सतत चालत असाल तर हे वापरावं. एका जागी थांबून फोटो काढणार असाल तर उजेड बदलत नाही, मग मॅन्युअलच बरं.

फोकसचं कोडं वेगळं आहे. कमी उजेडात ॲपर्चर उघडावं लागतं आणि ते उघडलं की फोकसमधली पट्टी अरुंद होते. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ३५ मिमी लेन्स, फोकस ३ मीटरवर : एफ/८ ला सुमारे १.९ पासून ७.३ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ/२ ला तीच पट्टी २.६ ते ३.५ मीटर एवढीच उरते. म्हणून दिवसा, एफ/८ वर, ऑटोफोकस बंद करून अंतर पक्कं ठेवणं हा सर्वांत वेगवान मार्ग आहे. कॅमेरा चाचपडत नाही, बटण दाबताक्षणी फोटो निघतो. अंतराचा अंदाज घ्यायची सवय मात्र लावून घ्यावी लागते. रात्री ही पद्धत अवघड होते. तिथे डोळा ओळखणारा ऑटोफोकस खूप पुढे गेलेला आहे आणि त्याला अभिमानाने नकार देण्यात काही अर्थ नाही. फक्त अंधारात फोकस मिळावा म्हणून कॅमेरा स्वतःचा छोटा दिवा लावतो तो आठवणीने बंद करावा. कोणाच्या तरी तोंडावर केशरी झोत मारल्यावर कॅन्डिड काय उरणार!

दोन रंगांचे दिवे आणि लुकलुकणारे दिवे

उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा : दुपारचं ऊन सुमारे ५५०० केल्व्हिन, सावली ७००० च्या वर आणि निळसर, तारेचा पिवळा बल्ब २७०० च्या जवळपास. एकच दिवा असेल तर व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं अशी रंगांची जुळणी) बदलून त्वचा जागेवर आणता येते. गालाच्या एका बाजूवर पिवळा दिवा आणि दुसऱ्या बाजूवर पांढरी एलईडी असेल तर एक बाजू सुधारताना दुसरी बिघडते. अशा वेळी जो दिवा डोळ्यांवर पडतोय त्याला धरून रंग लावावा आणि दुसऱ्याला वाटेल त्या रंगाचं राहू द्यावं, किंवा फोटो सरळ कृष्णधवल करावा. जुने पिवळे लो-प्रेशर सोडियम दिवे हे तर वेगळंच प्रकरण. त्यांचा जवळजवळ सगळा उजेड ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा, एकाच रंगाचा असतो. त्या उजेडात लाल स्कार्फ आणि निळा कोट यांच्यातला रंगभेद मुळात सेन्सरपर्यंत पोचतच नाही, मग संगणकावर कोणतीही पट्टी कितीही सरकवा.

विजेवर चालणारे अनेक दिवे सतत पेटलेले नसतात. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर ते सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. डोळ्यांना कळत नाही, १/५०० च्या शटरला कळतं : लागोपाठच्या तीन फोटोंत एक उजळ, एक मंद, एक पिवळट. उपाय म्हणजे शटर दिव्याच्या तालाशी जुळवणं, पहिल्या ठिकाणी १/१०० आणि दुसऱ्या ठिकाणी १/१२५. माणूस चालत असेल तर हे हळू पडतं, म्हणून कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर सोय असेल तर ती चालू करून शटर वेगवानच ठेवावं. ती नसेल तर लागोपाठ चार-पाच फोटो घ्यावेत, एखादा तरी उजेडाच्या भरात सापडतो. याच कारणाने आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर रात्री जपून वापरावं. बहुतेक कॅमेऱ्यांत त्यात सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, आणि वाचता वाचता दिवा मंद-तेज झाला की चेहऱ्यावर आडवे पट्टे पडतात.

उजेड आधी, माणूस नंतर

ही सगळी तयारी आधी करून ठेवायची पद्धत नवी नाही. अमेरिकन छायाचित्रकार वॉकर एव्हन्स यांनी १९३८ ते १९४१ दरम्यान न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समोर बसलेल्या प्रवाशांचे चेहरे टिपले. ३५ मिमीचा कॅमेरा कोटाखाली, भिंग दोन बटणांच्या फटीतून बाहेर, शटरची तार बाहीतून हातात. फ्लॅश नाही, डब्यातल्या दिव्यांवरच काम. व्ह्यूफाइंडरमधून बघायचीही सोय नव्हती, म्हणजे अंतर आणि एक्स्पोजर आधीच ठरलेलं, उरला फक्त समोरचा चेहरा. फिलिप-लोर्का डीकोर्शिया यांनी १९९९ ते २००१ या काळात न्यूयॉर्कच्याच टाइम्स स्क्वेअरमध्ये आणखी पुढचं टोक गाठलं. त्यांनी बांधकामाच्या परांचीवर फ्लॅश लावून ठेवले, लांबून कॅमेरा रोखला आणि कोणी नेमकं त्या ठरलेल्या जागी आलं की बटण दाबलं. गर्दीतला एकच चेहरा नाटकातल्यासारखा उजळलेला आणि बाकी सगळं अंधारात.

दोघांच्या पद्धतीत एक बोचणारी गोष्ट आहे : समोरच्याला काहीच पत्ता नव्हता. एव्हन्स यांनी ते फोटो पुस्तकरूपात १९६६ मध्ये, म्हणजे पंचवीसेक वर्षांनी बाहेर काढले. डीकोर्शिया यांच्यावर एका व्यक्तीने खटला भरला आणि २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो फेटाळला. हे फोटो कला आहेत, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. उलट क्वेबेकमध्ये पायरीवर बसलेल्या एका १७ वर्षांच्या मुलीचा फोटो परवानगीशिवाय मासिकात छापला गेला, तेव्हा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. सार्वजनिक जागी फोटो काढणं आणि तो प्रसिद्ध करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येक देशाचा कायदा त्यांत वेगळी रेघ ओढतो. आपण जिथे फोटो काढतोय तिथली रेघ माहीत असावी.

कायद्यापलीकडे माझं मत असं : अंधारात आपण दिसत नाही या भावनेवर विश्वास ठेवू नये. काचेच्या उजेडात उभा असलेला माणूस उघडा पडलेला असतो आणि आपण काळोखात, हा असमान सौदा आहे. ३५ किंवा ५० मिमीची लेन्स लावून दोन-तीन मीटरवर, दिसेल असं उभं राहावं. कॅमेरा उघडपणे हातात असला की लोक थोड्या वेळात आपल्याकडे दुर्लक्ष करतात, लपवला की संशय घेतात. मीटरभराहून जवळ जाऊ नये, नाक मोठं दिसतं आणि माणूस दचकतो. रडणाऱ्या, झोपलेल्या, नशेत असलेल्या माणसाचा फोटो उजेड कितीही सुंदर असला तरी सोडून द्यावा. लहान मुलांच्या बाबतीत सोबतच्या मोठ्या माणसाला विचारावं, भले कॅन्डिडपणा जावो. कोणी विचारलं तर पडदा दाखवावा, पुसा म्हटलं तर वाद न घालता तिथेच पुसावा.

संगणकावर

घरी आल्यावर सगळ्यांत जास्त मोह चेहरा उजळवण्याचा होतो. फक्त चेहऱ्यापुरतं मास्क करून अर्धा ते एक स्टॉप चढवलं तर ते कोणाच्या लक्षात येत नाही. दोन स्टॉप चढवलं की चेहरा वेगळ्या दिव्याखाली असल्यासारखा दिसतो. डोळ्यांचे पांढरे भाग वेगळे उजळवू नयेत, माणूस भुतासारखा बघायला लागतो. नॉइज कमी करणारी नवी सॉफ्टवेअर कमाल काम करतात, पण शेवटपर्यंत ओढली की सुरकुत्या आणि दाढीचे खुंट पुसून चेहरा मेणाचा होतो. थोडे दाणे राहू द्यावेत. रात्रीच्या फोटोत काळा रंग काळाच ठेवावा, सगळ्या सावल्या उचलल्या की रात्र ढगाळ दुपारसारखी दिसते.

एक व्यावहारिक गोष्ट : अंधाऱ्या खोलीत पूर्ण तेजावर ठेवलेल्या पडद्यासमोर बसून काम केलं तर फोटो नेहमी गरजेपेक्षा गडद राहतो, कारण पडदा स्वतःच खूप उजळ असतो. खोलीत साधा दिवा लावावा, पडद्याचं तेज अर्ध्यावर आणावं आणि फोटो बोटाच्या पेराएवढा लहान करून बघावा. एवढ्या आकारातही चेहरा कुठे आहे आणि कुठे बघतोय हे कळत असेल तर एक्स्पोजर जमलेलं आहे. कळत नसेल तर आधी चेहऱ्याला हात लावण्यापेक्षा मागचा एखादा जळका दिवा किंवा उजळ फलक थोडा खाली आणून बघावा. बहुतेक वेळा अडचण तिथेच असते.